घरापुढील धक्का आणि सर्वांचे पाणी



देवळाली कॅम्पला समुद्र नाही. तरीही या गावाचा इतिहास जहाजांशी बांधलेला आहे. मुंबई बंदरात उतरलेले ब्रिटिश सैनिक येथील छावणीत येत असत आणि मायदेशी परतणारे सैनिक येथेच आपल्या जहाजाची वाट पाहत महिनोन्‌महिने पडून असत. त्या कंटाळवाण्या प्रतीक्षेने डोके फिरलेल्या माणसाला इंग्रजीत ‘डूलाली’ म्हणू लागले, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांस ठाऊक आहे.

आज घाटावरचा माणूस वेगळ्या कारणाने समुद्राकडे वळला आहे. अलिबाग, मुरूड, दापोली, गुहागर या भागांत जागा घेऊन सुट्टीचे घर बांधण्याची इच्छा मध्यमवर्गातही रुजली आहे. घर खाडीकाठी असेल तर पुढची इच्छा ओघाने येते, ती म्हणजे अंगणातून थेट होडीत पाऊल टाकता यावे एवढा लहानसा धक्का असावा. ‘जमीन माझी, पैसा माझा, मग परवानगी कोणाची?’ असा प्रश्न तेव्हा विचारला जातो. प्रश्न दिसायला लहान आहे. परंतु त्याच्या उत्तरात पाण्यावर कोणाचा हक्क चालतो, परवाना कोणास सुलभ आहे आणि कोणास दुर्लभ, या साऱ्याचा उलगडा होतो. म्हणून त्याचा सविस्तर विचार करणे उचित ठरेल.

भरतीरेषेपलीकडची मालकी

छावणीत राहणाऱ्या वाचकांस एक गोष्ट समजावून सांगण्याची गरज नाही. जुन्या अटींवरील बंगल्यांच्या बाबतीत जमीन शासनाची आणि त्यावरील बांधकाम धारकाचे, अशी विभागणी असते. एखादी भिंत वाढवायची तरी छावणी मंडळाकडे जावे लागते. किनाऱ्यावर साधारण हाच न्याय भरतीरेषेपाशी सुरू होतो. सातबाऱ्यावरचे नाव त्या रेषेपर्यंत उपयोगाचे असते. त्यापुढील ओली वाळू, चिखल, पाण्याखालचा तळ ही शासनाच्या ताब्यातील जागा होय.

हा विचार फार जुना आहे. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियन याने संकलित करविलेल्या रोमन कायद्यात हवा, वाहते पाणी, समुद्र आणि समुद्राचा किनारा या वस्तू निसर्गतः सर्वांच्या मानल्या आहेत. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये, हिमाचल प्रदेशातील बियास नदीच्या पात्राशी खेळ करणाऱ्या एका मोटेलच्या खटल्यात, याच तत्त्वाचा आधार घेऊन सांगितले की अशा नैसर्गिक संपत्तीचे शासन हे मालक नसून विश्वस्त आहे. विश्वस्ताने ठेव खासगी लाभासाठी कोणाच्या पदरात टाकावयाची नसते. धक्क्याचा अर्ज करणारा गृहस्थ म्हणून आपल्या जमिनीवर बांधण्याची परवानगी मागत नसतो. तो सर्वांच्या ठेवीतील थोडा भाग स्वतःच्या वापरासाठी मागत असतो, आणि तपासणीची सुरुवात या जाणिवेतूनच व्हावी लागते.

कायद्याची वाटचाल

नोव्हेंबर १९८१ मध्ये तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांस पत्र लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा बांधकामापासून मुक्त ठेवण्यास कळविले होते. त्या सूचनेस कायद्याचे बळ मिळण्यास दहा वर्षे लागली. १९ फेब्रुवारी १९९१ रोजी पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली सागरी किनारा नियमन क्षेत्राची, म्हणजे आपण ज्यास ‘सीआरझेड’ म्हणतो त्याची, पहिली अधिसूचना निघाली. पुढे ६ जानेवारी २०११ आणि १८ जानेवारी २०१९ या दिवशी तिची जागा नव्या अधिसूचनांनी घेतली.

या अधिसूचना किनाऱ्याचे चार प्रकार करतात. कांदळवने, प्रवाळ, पुळण, कासवांची अंडी घालण्याची ठिकाणे असा नाजूक भाग पहिल्या प्रकारात येतो. विकसित शहरी भाग दुसऱ्यात, ग्रामीण भाग तिसऱ्यात आणि प्रत्यक्ष पाण्याचा भाग चौथ्या प्रकारात मोडतो. ग्रामीण किनाऱ्यावर पूर्वी २०० मीटरचे ना-विकास क्षेत्र होते. २०१९ पासून, २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २,१६१ हून अधिक वस्ती असलेल्या गावांत ते ५० मीटरवर आले. विरळ वस्तीच्या गावांत २०० मीटर कायम राहिले. खाड्यांच्या काठीही १०० मीटरची मर्यादा ५० मीटर अथवा खाडीची रुंदी, यांपैकी जे कमी असेल तेवढी झाली. वाऱ्याची दिशा कोणती आहे हे यावरून कळते. रेषा पाण्याकडे सरकत आहे.

तरीही पाण्यात खांब रोवण्याचा प्रश्न आला की कायदा सावध होतो. ज्या कामाला पाण्याची लगत असल्यावाचून गत्यंतर नाही, अशा बंदर, जेटी, धक्का, उतरंड यांसारख्या कामांनाच तेथे नियमांच्या अधीन राहून वाव आहे. घरगुती करमणुकीचा धक्का असा स्वतंत्र प्रकार अधिसूचनेत नाही. अर्जदाराला सार्वजनिक जेटीसाठी आखलेल्या वाटेनेच जावे लागते.

ती वाट कशी आहे ते पाहू. प्रथम अधिकृत संस्थेकडून १:४००० या प्रमाणाचा नकाशा करून घ्यावा लागतो. त्यावर भरतीरेषा, ओहोटीरेषा आणि जागेचा प्रकार दाखविलेला असतो. त्यासोबत पर्यावरणावरील परिणामांचा अभ्यास आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती जोडून अर्ज महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे जातो. पहिल्या आणि चौथ्या प्रकारातील प्रकल्प २०१९ च्या अधिसूचनेने मूळ स्वरूपात केंद्रीय मंत्रालयाकडे सोपविले होते आणि राज्याच्या प्राधिकरणाने शिफारस करावयाची होती. होड्यांच्या येण्याजाण्याच्या दृष्टीने महाराष्ट्र सागरी मंडळाची परवानगी वेगळी घ्यावी लागते. मंजुरी मिळाली तरी दर सहा महिन्यांनी अटींच्या पालनाचा अहवाल सादर करावयाचा असतो.

वाटेत कांदळवन असेल, आणि आपल्या खाड्यांत ते बहुधा असतेच, तर दार जवळपास बंद होते. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये अंतरिम आदेशाने आणि १७ सप्टेंबर २०१८ रोजी अंतिम निकालाने राज्यातील कांदळवनांची तोड थांबविली आणि त्यांच्याभोवती ५० मीटरचा पट्टा राखून ठेवला. सार्वजनिक हितासाठी अपरिहार्य असेल तरच, आणि तेही न्यायालयाची अनुमती घेऊन, कांदळवनाला हात लावता येतो. एका कुटुंबाच्या होडीसाठी सार्वजनिक हित सिद्ध करणे कोणास शक्य होईल असे वाटत नाही.

परदेशातील एक तुलना

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या नातेवाइकांच्या घरामागे धक्का पाहून येणारे अनेक जण विचारतात, तेथे चालते मग येथे का नाही? तेथेही मोकळे रान नाही. नौकानयनाच्या पाण्यातील बांधकामावर १८९९ च्या केंद्रीय कायद्याचे नियंत्रण आहे, आणि पाण्याखालची जमीन सामान्यतः राज्याचीच मानली जाते. काठावरील जमीनधारकास पाण्यापर्यंत पोहोचण्याचा हक्क मात्र तेथे मान्य आहे. फ्लोरिडा राज्याने संरक्षित जलक्षेत्रात एका कुटुंबाच्या धक्क्यासाठी मापे ठरवून दिली आहेत. चालण्याची वाट ४ फुटांहून रुंद नसावी. टोकाचा ओटा १६० चौरस फुटांहून मोठा नसावा. एकूण लांबी ५०० फूट किंवा पाण्याच्या रुंदीचा पाचवा हिस्सा, यांपैकी जे कमी असेल त्याहून अधिक नसावी.

या मापांमागे एक सरळ विचार आहे. पाण्याखालील गवताला ऊन मिळावे आणि समोरून जाणाऱ्या होडीची वाट अडू नये. तेथील हक्काची कल्पना आपण उचलण्याचे कारण नाही. आपली किनारपट्टी दाट वस्तीची आहे आणि तिच्यावर लक्षावधी लोकांचे पोट चालते. परंतु नियम मोजता येईल असा, सामान्य माणसाला वाचून कळेल असा असावा, हा धडा घेण्याजोगा आहे.

परवान्यावाचून उभे राहिलेले

नियम गुंतागुंतीचे असले की माणसे दोन मार्ग धरतात. कोणी नाद सोडून देतात, तर कोणी आधी बांधतात आणि मग पाहू म्हणतात. दुसऱ्या मार्गाचा शेवट रायगड जिल्ह्यातील किहीम येथे सर्वांनी पाहिला. किनारा नियमांचा भंग करून उभारलेला नीरव मोदी याचा बंगला जिल्हा प्रशासनाने ८ मार्च २०१९ रोजी स्फोटके लावून पाडला. अलिबाग परिसरातील अशा बांधकामांविरुद्ध उच्च न्यायालयात जनहित याचिका येऊन तेव्हा बरीच वर्षे लोटली होती.

त्याहून बोलके उदाहरण केरळमधील मरडू येथील आहे. खाडीलगतच्या चार इमारत-समूहांना २००६ च्या सुमारास स्थानिक पंचायतीने परवाने दिले. किनारा प्राधिकरणाची संमती मात्र घेतली गेली नव्हती. ८ मे २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती बांधकामे पाडण्याचा आदेश दिला आणि ११ व १२ जानेवारी २०२० रोजी ती जमीनदोस्त झाली. पुढे आलेल्या नकाशांनुसार आपली जागा सौम्य प्रकारात मोडते, हा रहिवाशांचा युक्तिवाद टिकला नाही. बांधकामाच्या वेळी जो नियम होता तोच लागू झाला. घरमालकांस प्रत्येकी २५ लाख रुपयांची अंतरिम भरपाई देण्याचा आदेश झाला, परंतु आयुष्याची पुंजी लावून घेतलेले छप्पर परत आले नाही. ग्रामपंचायतीचा दाखला हाती आला म्हणजे सारे झाले असे समजून कोकणात जागा घेणाऱ्यांनी हे प्रकरण नीट वाचावे.

उशिरा मिळणाऱ्या मंजुरीविषयी कायदाही अजून स्थिरावलेला नाही. आधी काम आणि मग पर्यावरण मंजुरी, ही पद्धत सर्वोच्च न्यायालयाने १६ मे २०२५ रोजी अवैध ठरविली. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने तो निर्णय मागे घेतला. अशा अनिश्चिततेवर भरवसा ठेवून कोणी खांब रोवू नयेत.

सार्वजनिक धक्क्यांचे वाद

खासगी धक्क्याकडून सार्वजनिक धक्क्याकडे वळले तरी प्रश्न संपत नाही. मुंबईत कुलाबा येथे रेडिओ क्लबजवळ सुमारे २२९ कोटी रुपये खर्चाची प्रवासी जेटी बांधण्याचे काम महाराष्ट्र सागरी मंडळाने हाती घेतले. गेटवे ऑफ इंडियाजवळच्या जुन्या धक्क्यांवर एलिफंटा, मांडवा इत्यादी ठिकाणी जाणाऱ्यांची गर्दी उसळते आणि वृद्धांस होडीत चढणे कठीण जाते, ही वस्तुस्थिती आहे. रस्त्यावरील वाहतूक, वारसा वास्तूचा परिसर आणि किनारा यांवर ताण येईल, ही तेथील रहिवाशांची हरकतही निराधार म्हणता येणार नाही. प्रकरण न्यायालयात गेले. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या टप्प्यावर हस्तक्षेप करण्यास नकार दिला. १५ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने प्रकल्पास मुभा दिली आणि सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती कायम ठेवली.

या निकालातील अटी लक्षात घेण्यासारख्या आहेत. प्रेक्षागृहासारखी आखलेली बैठक केवळ प्रवाशांच्या प्रतीक्षेसाठी वापरावी, तेथे करमणुकीचे कार्यक्रम करू नयेत. उपाहारगृहाच्या जागी प्रवाशांस पाणी आणि बंद पाकिटातील खाद्यपदार्थ एवढेच द्यावे. म्हणजे न्यायालयाने धक्क्याची परवानगी धक्क्यापुरतीच ठेवली. पाण्यावर जाण्याची सोय मान्य केली आणि तिच्या आडून येऊ शकणारा व्यवसाय बाजूला काढला. परवाना देणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने ही चाळणी हाती धरावी.

वरळी कोळीवाड्याचा अनुभवही येथे आठवतो. सागरी किनारा मार्गाच्या दोन खांबांमधील अंतर ६० मीटर ठेवण्याचे योजिले होते. भरतीच्या लाटांत आमच्या होड्या त्यातून सुखरूप जाणार नाहीत, असे मच्छीमार सांगत राहिले. कित्येक महिने आंदोलन झाले, काम थांबले, आणि डिसेंबर २०२२ मध्ये शासनाने हे अंतर १२० मीटर करण्याचे मान्य केले. पाण्यावर रोज जाणाऱ्याचे ज्ञान आधी विचारात घेतले असते तर तो काळ आणि खर्च दोन्ही वाचले असते.

उत्तरेकडे डहाणू तालुका २० जून १९९१ रोजी पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित झाला. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालील प्राधिकरणाने १९९८ मध्ये वाढवण येथील बंदरास नकार दिला होता. त्यांच्या निधनानंतर पुनर्रचना झालेल्या त्याच प्राधिकरणाने ३१ जुलै २०२३ रोजी नव्या प्रस्तावास अटींसह मान्यता दिली. ७६,२२० कोटी रुपयांच्या या बंदरास जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची संमती मिळाली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झाली. त्यासाठी समुद्रात १,४४८ हेक्टर भराव नियोजित आहे. बंदरामुळे रोजगार येईल, देशाचा व्यापार वाढेल, हे म्हणणे गंभीरपणे ऐकले पाहिजे. परंतु ज्या पाण्यात वंशपरंपरेने जाळी टाकली जातात ते पाणीच भरावाखाली जाणार असेल, तर तेथील मच्छीमाराने रोजगार या शब्दावर किती विश्वास ठेवावा?

अर्नाळा, पाचूबंदर, उत्तन, गोराई, मनोरी, मढ येथील कोळीवाड्यांत आपले अनेक बांधव राहतात. त्यांच्या दृष्टीने जेटी ही चैनीची वस्तू नव्हे. ओहोटीच्या वेळी गुडघाभर चिखलातून मासळीच्या टोपल्या डोक्यावर आणणाऱ्या स्त्रीला विचारले तर धक्क्याचे मोल कळेल. किनाऱ्यावरील पारंपरिक वसाहतींना घरे बांधण्यास व दुरुस्त करण्यास अधिसूचनेने सवलत दिलेली आहे. परंतु तिचा लाभ घेण्यासाठी कागद, नकाशा आणि सल्लागार लागतो, आणि तो खर्च ज्याला झेपत नाही त्याचा अर्ज टेबलावरच राहतो. कायदा सर्वांना सारखाच कठीण असला तरी तो सर्वांना सारखाच जड जात नाही, ही आजची खरी विषमता आहे.

आपल्या जिल्ह्यातील पाणी

हा विषय केवळ कोकणाचा नाही. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळचे नांदूर मध्यमेश्वर हे महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ आपल्याच जिल्ह्यात, निफाड तालुक्यात आहे. २०१९ मध्ये त्याची नोंद झाली. अशा स्थळांस पाणथळ जागा नियम, २०१७ लागू होतात. मागील दहा वर्षांच्या सरासरी कमाल पूररेषेपासून ५० मीटरच्या आत कायम स्वरूपाचे बांधकाम करण्यास हे नियम मनाई करतात. मात्र या मनाईस तेथेच एक अपवाद जोडलेला आहे, आणि तो होडीच्या धक्क्यांचा आहे.

हा अपवाद आवश्यक आहे. नावाड्याला, मच्छीमाराला, पक्ष्यांची नोंद घेणाऱ्याला काठावर उतरण्याची जागा हवी. परंतु त्याच शब्दांच्या आधाराने उद्या कोणी धक्क्यावर छप्पर, छपराखाली खाद्यगृह आणि शेजारी वाहनतळ मागू शकेल. नांदूर मध्यमेश्वर हे अभयारण्यही असल्याने तेथे वन्यजीव कायद्याचे दुसरे कवच आहे. दारणा, गंगापूर यांसारख्या सिंचनासाठी व पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेल्या जलाशयांना मात्र हे पाणथळ नियम सामान्यतः लागू होत नाहीत. तेथे भिस्त जलसंपदा विभागाच्या परवानगीवर आणि नागरिकांच्या जागरूकतेवर आहे.

काय करता येईल

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ रसूल या गृहस्थाने मुंबईत समुद्रात भराव घालून धक्का बांधला. होडीतून उतरणाऱ्या प्रवाशांचे हाल त्यांनी पाहिले होते. पैसा आणि उद्यम एका माणसाचा होता, तरी वाट हजारोंना मिळाली. म्हणून आजही कोकणी माणूस ‘भाऊचा धक्का’ म्हणतो तेव्हा त्यात मालकीची भावना नसते, कृतज्ञता असते. धक्क्याच्या प्रत्येक अर्जापुढे हाच प्रश्न ठेवावा की या बांधकामाने कोणास वाट मिळते आणि कोणाची वाट अडते.

या दृष्टीने काही गोष्टी सहज करण्यासारख्या आहेत. खाडीकाठच्या दहा घरांनी दहा अर्ज करण्याऐवजी गावाच्या जेटीची दुरुस्ती मागावी आणि तिचा वापर सर्वांस खुला ठेवावा. भरतीरेषेचे मंजूर नकाशे प्रत्येक किनारी ग्रामपंचायतीत मराठीत लावलेले असावेत. पारंपरिक वसाहतींच्या अर्जांसाठी शासनाने नकाशाचा खर्च उचलावा. धक्क्याला परवानगी द्यावयाची तर त्याची रुंदी, लांबी आणि वापर परवान्यातच आकड्यांनी लिहावा. आणि निर्णय होण्यापूर्वी तेथील होडीवाल्यांचे म्हणणे नोंदवून घ्यावे, कारण गाळ कोठे साचतो आणि प्रवाह कोठून वळतो हे त्यांना नकाशावाचून ठाऊक असते.

वाचकांपैकी जे कोकणात जागा घेणार आहेत त्यांनी खरेदीखतापूर्वी त्या गट क्रमांकाचा किनारा नियमनातील प्रकार पाहून घ्यावा आणि दलालाच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये. जे घेणार नाहीत त्यांनीही आपल्या जिल्ह्यातील पाणथळीवर होणाऱ्या प्रत्येक बांधकामाविषयी माहितीच्या अधिकारात विचारणा करावी. अर्जाचे शुल्क १० रुपये आहे. विश्वस्ताने ठेव सांभाळली की नाही, हे विचारण्याचा अधिकार ठेव ज्यांची आहे त्या सर्वांना आहे, मग ते भरतीरेषेवर राहत असोत की देवळालीच्या माळावर.